भाड्याचें घर आणि कमरेची बंदूक

कादंबरी निघाली, नाटक रंगभूमीवर आलें, किंवा एखादा कवितासंग्रह छापून झाला, म्हणजे त्याचें परीक्षण मासिकांतून येतें. पण ज्या पुस्तकांच्या शब्दाशब्दावर घरांतील माणसांचें स्वास्थ्य अवलंबून असतें, त्या कायद्याच्या पुस्तकांकडे साहित्याच्या टीकाकारानें पाहूं नये, असा आपल्याकडे संकेतच पडून गेला आहे. तें काम वकिलांचें, असें म्हणून आपण मोकळे होतों. वास्तविक कायदा हीहि एक वाङ्मयकृतिच आहे. तींत पात्रें असतात, स्थळ असतें, आणि लेखकानें काय सांगितलें ह्याइतकेंच काय सांगावयाचें राहून गेलें, हें पाहणेंहि उद्बोधक असतें. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालीं २०१६ सालीं झालेले शस्त्र नियम हीं दोन लिखाणें आज आम्हीं परीक्षणास घेतलीं आहेत तीं ह्याच दृष्टीनें. आणि तींहि सबंध नव्हेत. त्यांतील एकच स्थळ आम्हांला पाहावयाचें आहे. तें म्हणजे घर. त्यांतूनहि भाड्याचें घर.

प्रश्न असा. हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या गांवीं एका जुन्या वाड्यांत चार बिऱ्हाडें आहेत, अशी वाचकांनीं कल्पना करावी. त्यांतील एका बिऱ्हाडकरूजवळ रीतसर परवाना असलेलें पिस्तूल आहे. हे गृहस्थ घरीं असले म्हणजे तें कमरपट्ट्याला उघडें लावून वावरतात: ओसरीवर वर्तमानपत्र वाचतांना, चौकांतल्या नळावर तोंड धुतांना, जिन्यानें वरखालीं करतांना. ते तें कोणावर रोखीत नाहींत. कोणाला धमकावीतहि नाहींत. ‘माझें घर आहे, माझा परवाना आहे,’ एवढेंच त्यांचें म्हणणें. त्यांना कोणी कांहीं म्हणूं शकेल काय?

उत्तरासाठीं नियमांचें पुस्तक उघडलें म्हणजे प्रथम समाधान वाटतें. नियम ३२ सांगतो कीं, सार्वजनिक ठिकाणीं पिस्तूल न्यावयाचें तर तें म्यानांत किंवा पिशवींत असलें पाहिजे, आणि लांब नळीची बंदूक तिच्यासाठीं केलेल्या खोळींत असली पाहिजे. शस्त्र पूर्णपणें झांकलेलें असावें व नेणाऱ्याचा त्यावर पुरता ताबा असावा. तें परजणें किंवा झाडणें तर साफ मना. परवान्याच्या अटींकडे वळावें, तर जत्रेंत, धार्मिक मिरवणुकींत, सार्वजनिक जमावांत आणि शिक्षणसंस्थेच्या आवारांत खास परवानगीवांचून शस्त्र नेण्यास बंदी. २०१९ च्या दुरुस्तीनें एका इसमानें बाळगावयाच्या बंदुकांची कमाल संख्या तिनावरून दोनावर आणली, आणि वरातींत अगर समारंभांत हर्षाच्या भरांत गोळ्या झाडून लोकांचा जीव धोक्यांत घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अगर दोन्हीं, अशी शिक्षा सांगितली.

तेव्हां रस्त्यावरच्या, बाजारांतल्या, देवळापुढच्या माणसाची ह्या लेखकांना काळजी आहे, ह्यांत शंका नाहीं. औंढ्या नागनाथाच्या यात्रेंत किंवा हिंगोलीच्या प्रसिद्ध दसऱ्याच्या गर्दींत कोणी कमरेचें पिस्तूल मिरवूं लागला, तर त्याला कोणता नियम लावावा हा प्रश्न पोलीस शिपायास पडणार नाहीं. पण उंबऱ्याच्या आंत पाऊल टाकतांच पुस्तकाची भाषा एकदम आटते. शस्त्र घरीं सुरक्षित ठेवण्याची हमी अर्जदाराकडून घेतलेली असते. बिऱ्हाड बदललें तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास कळवावें लागतें. परंतु पेटींतून बाहेर काढलेलें, कमरेला चढलेलें, आणि तरीहि घर सोडून न गेलेलें जें शस्त्र, त्याविषयीं लेखक गप्प आहे. घर म्हणजे एका धन्याचें, चहूं बाजूंनीं कुंपण घातलेलें, असें कांहींसें चित्र त्याच्या डोळ्यांपुढें असावें. तें बंगल्याचें चित्र आहे, वाड्याचें नव्हे.

मराठवाड्यांतील जुना वाडा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना भाडेकरूचें ‘घर’ कोठें संपतें हें सांगणें किती कठीण आहे तें ठाऊक असेल. भाड्यानें घेतलेल्या असतात दोन खोल्या. फार तर वरची माडी. दिंडीदरवाजा, ढाळज, चौक, आड, नळ, तुळशीवृंदावन, जिना, गच्ची हें सारें सर्वांचें. तेथें एका बिऱ्हाडाची हळद वाळते, दुसऱ्याचीं मुलें खेळतात, तिसऱ्याच्या घरीं आलेला पाहुणा पाय धुतो. नव्या इमारतींत ढाळजेच्या जागीं पार्किंग आलें आणि आडाच्या जागीं पाण्याची टाकी आली, तरी व्यवस्था तीच आहे. आतां हा चौक ‘सार्वजनिक ठिकाण’ काय? अधिनियमाच्या व्याख्यांच्या कलमांत ह्या शब्दाची व्याख्या नाहीं. पुढें, अशांत टापूंसंबंधीं जें कलम आहे, तेथें जिथें लोकांना किंवा लोकांतील एखाद्या वर्गाला जातां येतें ती जागा, असा अर्थ दिला आहे; पण तो त्या कलमापुरता. चार बिऱ्हाडें म्हणजे ‘लोकांतील एक वर्ग’ होतो कीं नाहीं, ह्यावर दोन वकील एक दिवसभर सुखानें भांडूं शकतील. आणि तोंवर ते गृहस्थ नळावर तोंड धूत राहतील.

हा प्रश्न आम्हीं रिकामपणीं उकरून काढला आहे, असें कोणी समजूं नये. अमेरिकेंत डेलावेअर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढें तो हुबेहूब ह्याच रूपानें आला होता. विल्मिंग्टन शहराच्या सरकारी गृहसंस्थेनें आपल्या भाडेकरूंना असा नियम घालून दिला होता कीं, इमारतीच्या सामाईक जागांत बंदूक दाखवूं अगर बाळगूं नये. आपल्या खोलीकडे नेतांना किंवा तेथून बाहेर नेतांना काय ती सूट. भाडेकरू न्यायालयांत गेले, आणि २०१४ सालीं न्यायालयानें तो नियम रद्द केला. त्या राज्याच्या घटनेनें स्वतःच्या, कुटुंबाच्या व घराच्या रक्षणासाठीं शस्त्र बाळगण्याचा हक्क दिलेला आहे, आणि सामाईक जागा ह्या भाडेकरूच्या राहत्या घराचाच जणूं भाग होत, असा त्या निकालाचा आशय आहे. त्यापूर्वीं २००८ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें राजधानींतील एक कायदा रद्द ठरवून घरांत पिस्तूल बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला होताच. त्या कायद्याप्रमाणें घरांतील बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप घालून ठेवावी लागत असे.

ह्या निकालांतील एका भागाशीं आमचें भांडण नाहीं. सरकारी चाळींत राहणारा गरीब भाडेकरू आणि स्वतःच्या बंगल्यांत राहणारा सधन मनुष्य ह्यांना निरनिराळे हक्क असूं नयेत, हें म्हणणें न्याय्य आहे. भाडें भरणारा म्हणून त्याचें घर कमी प्रतीचें ठरत नाहीं. पण ‘सामाईक जागा हा माझ्या घराचा भाग’ हें वाक्य खरें धरलें, तर तेंच वाक्य समोरच्या बिऱ्हाडांतल्या म्हाताऱ्या बाईलाहि म्हणतां येतें. तो जिना तिच्याहि घराचा भाग आहे. तिच्या घरांत परका मनुष्य भरलेलें पिस्तूल लावून हिंडतो आहे, आणि त्याला ‘जा’ म्हणण्याचा अधिकार तिला नाहीं. एकाच चौकावर दोघांची सारखी मालकी मानावयाची आणि पारडें मात्र ज्याच्या कमरेला शस्त्र आहे त्याच्याच बाजूला झुकवावयाचें, हा न्याय आमच्या गळीं उतरत नाहीं.

उघड्या शस्त्राच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र विचारांत घेण्याजोगा आहे. ते म्हणतात कीं, दिसणारें शस्त्र प्रामाणिक असतें. भय बाळगावयाचें तें न दिसणाऱ्याचें. ह्या मुद्द्याचा साक्षीदार पाहिजे असेल तर तो खुद्द हिंगोलींतच सांपडतो. हिंगोली ही हैद्राबाद कंटिंजंट ह्या फौजेची छावणी होती. १९०३ सालीं ती फौज हिंदी लष्करांत विलीन झाली. मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरींतला इंग्रज अंमलदार ह्या छावणींत राहिलेला होता. ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ ही त्याची कादंबरी १८३९ सालीं निघाली. तिच्या प्रस्तावनेंत त्यानें हिंगोलीच्या हरिसिंग नांवाच्या व्यापाऱ्याची हकीकत दिली आहे. हा छावणींतला अब्रूदार सावकार. स्वतः टेलरचाहि त्याच्याशीं देण्याघेण्याचा व्यवहार होता. मुंबईहून कापड आणावयाचें आहे, म्हणून त्यानें कॅप्टन रेनॉल्ड्स ह्या अधिकाऱ्याकडे परवाना मागितला. तो माल घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला त्याच्या नोकरांसह वाटेंत मारलें, आणि त्याच परवान्यावर तो माल हिंगोलीच्या छावणींत आणून उघडपणें विकला.

टेलरच्या कादंबरीविषयीं आमचें मत फारसें अनुकूल नाहीं. कथानायकाच्या तोंडीं घातलेल्या कबुलीजबाबांत इंग्रज वाचकाला रोमांच आणण्याची धडपड जागोजाग दिसते. आणि ठगांचें जें देशव्यापी धर्मसंघटन त्या काळच्या इंग्रज अंमलदारांनीं रंगविलें, त्याविषयीं अलीकडच्या इतिहासकारांनीं पुष्कळ शंका घेतल्या आहेत. तथापि प्रस्तावनेंतील ही हकीकत कादंबरीहून सरस आहे, कारण तींत लेखक स्वतः फसलेला आहे. छावणींत उघड्या शस्त्रांचा सुकाळ होता. पहाऱ्यावरचा शिपाई, रिसाल्यांतला स्वार, साहेबाच्या बंगल्यावरची बंदूक, सर्व कांहीं डोळ्यांसमोर. त्यांतून हरिसिंग ओळखतां आला नाहीं. त्याचें हत्यार रुमालाचें होतें, असें फार तर म्हणतां येईल. खरें हत्यार त्याची अब्रू आणि सरकारचा कागद हें होतें. झांकलेल्या शस्त्राचें भय खोटें नाहीं, हें ह्यावरून खुशाल मानावें. पण त्यावरून उघडें शस्त्र निर्भय करतें हें सिद्ध होत नाहीं. आणि ‘माझा परवाना आहे’ ह्या उत्तरानें शेजाऱ्याचें समाधान कां होत नाहीं, तेंहि कळून येतें.

ह्याहून अवघड असा दुसरा पक्ष आहे, आणि तो इतिहासाच्या बळावर उभा आहे. १८७८ सालीं लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत शस्त्रांचा कायदा झाला. ज्या वर्षीं देशी भाषांतील पत्रांचें तोंड बांधलें तेंच हें वर्ष. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणें गुन्हा, आणि गोऱ्या माणसाला नियमांनीं सूट, असा तो प्रकार होता. त्याची बोच दोन पिढ्या राहिली. म्हणूनच १९२८ च्या नेहरू अहवालांत आणि १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावांत, योग्य त्या नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला गेला. पुढें घटनासमितींत १९४८ च्या डिसेंबराच्या आरंभीं मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद हरि विष्णु कामत ह्यांनीं हाच हक्क घटनेंत घालण्याची उपसूचना आणली. डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला, आणि ती फेटाळली गेली. घटनेंत शस्त्राचा उल्लेख राहिला तो उलट बाजूनें: शांततेनें आणि शस्त्राशिवाय जमण्याचा हक्क. शिखांच्या कृपाणाचा अपवाद तेवढा धर्मस्वातंत्र्याच्या कलमाखालीं आहे.

कामतांची मागणी हंसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. विशेषतः पैनगंगेच्या अलीकडच्या तीरावरून पाहणाऱ्यास. हिंगोली, कळमनुरी, वसमत हा मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत, परभणी जिल्ह्यांत होता. हिंगोलीचा निराळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजीं. लातूरचे वकील कासीम रझवी ह्यांच्या पुढारीपणाखालीं रझाकारांच्या टोळ्या १९४७-४८ सालीं ह्या भागांत हत्यारें घेऊन उघड उघड फिरत होत्या. तीं हत्यारें लपविण्यासाठीं नव्हतींच. तीं लोकांना दिसावीं हाच हेतु. अनेक कुटुंबें घरें सोडून नदीपलीकडे वऱ्हाडांत गेलीं. उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या गांवीं लढ्याचीं केंद्रें उघडलीं, आणि तेथून तरुणांनीं शस्त्राला शस्त्रानें उत्तर दिलें. वसमत तालुक्यांतील वापटीचे बहिर्जी शिंदे ह्या लढ्यांत कामीं आले. वसमतचें महाविद्यालय त्यांचें स्मारक म्हणून उभें आहे. ज्यांच्या दारांत हत्यारबंद टोळी उभी राहिली आणि ज्यांच्या घरांत विळ्या-कोयत्याखेरीज कांहीं नव्हतें, त्यांना शस्त्राच्या हक्काचा अर्थ घटनापंडितांनीं समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पण गोष्ट येथें थांबत नाहीं, आणि आमच्याकडील लढ्याच्या पुष्कळशा लिखाणांचा दोष हाच कीं, तीं येथेंच थांबतात. १३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी सैन्य राज्यांत शिरलें. १७ तारखेला निजामाची शरणागति झाली. त्यानंतर कित्येक गांवांतून शस्त्र एका बाजूच्या हातांतून दुसऱ्या बाजूच्या हातांत गेलें, आणि ज्यांचा रझाकारीशीं कांहीं संबंध नव्हता अशीं मुसलमान कुटुंबें त्याखालीं सांपडलीं. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार ह्यांच्या समितीनें ह्या भागाचा दौरा केला. मृतांचा आंकडा २७ ते ४० हजार असावा असा तिचा अंदाज होता, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड ह्या जिल्ह्यांना सर्वांत अधिक झळ लागली असें तिनें म्हटलें. हा अहवाल सरकारनें कित्येक दशकें प्रसिद्ध केला नाहीं. वाचकांनीं एक जुळणी लक्षांत घ्यावी: ही समिति मराठवाड्यांत हिंडत होती ती त्याच डिसेंबरांत, ज्या डिसेंबरांत दिल्लीला कामतांची उपसूचना नाकारली गेली.

ह्या दोन्हीं घटना शेजारीं ठेवून वाचल्या म्हणजे कामतांच्या युक्तिवादांतलें न्यून दिसूं लागतें. त्यांच्या मनांत प्रजा एका बाजूला आणि जुलमी सत्ता दुसऱ्या बाजूला होती. परकी अंमलांत तें चित्र बरोबर होतें. परंतु त्या वर्षीं मराठवाड्यांत भीति जी होती ती कलेक्टर कचेरीची नव्हती; ती समोरच्या आळीची होती. सप्टेंबरापूर्वीं एकाला आणि सप्टेंबरानंतर दुसऱ्याला, एवढाच फरक. अशा ठिकाणीं घरांत शस्त्र असणें आणि तें शेजाऱ्याला दिसेल असें लावून बसणें, ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलींत कदाचित् रक्षण असेल. दुसरी हें बोलणें आहे, आणि तें कोणाला उद्देशून आहे हें ऐकणाऱ्याला बरोबर कळतें.

शेतांतल्या आखाड्याची गोष्ट निराळी, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. रोही आणि रानडुकरें एका रात्रींत पीक आडवें करतात. पिकाच्या राखणीसाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना कायद्यानें मुद्दाम सोपा ठेवला आहे. तेथें चौक नाहीं, समोरचें बिऱ्हाड नाहीं. त्या राखणदारानें बंदूक खांद्यावर उघडी टाकली तर त्याविरुद्ध आमचा एक शब्दहि नाहीं.

राहतां राहिलीं तीं बिऱ्हाडाच्या आंतलीं माणसें, ज्यांच्याविषयीं ह्या दोन पुस्तकांत सर्वांत कमी लिहिलेलें आहे. परवान्याच्या अर्जावर पोलीस ठाण्याचा अहवाल मागवावा, असें अधिनियम सांगतो. अर्जदाराची वर्तणूक ठाणेदाराला जितकी ठाऊक असते त्याच्या शंभरपट ती त्याच्या पत्नीला ठाऊक असते. तिला विचारावें असें त्यांत कोठेंहि नाहीं. कानडा देशांत बंदुकीच्या परवान्याच्या अर्जावर पति किंवा पत्नीची सही मागतात, आणि ती नसेल तर तिला सरकारकडून तसें कळविलें जातें. आपल्याकडील पुष्कळांना ही स्त्रीदाक्षिण्याची विलायती कल्पना वाटेल. २०२४ सालीं हिंगोली शहरांत एका पोलिसानें सरकारी पिस्तुलांतून आपल्याच कुटुंबावर गोळ्या झाडल्या आणि त्यांत पत्नी मृत्यु पावली, हें ज्यांनीं वर्तमानपत्रांत वाचलें त्यांना ती तशी वाटूं नये. तेथें प्रश्न परवान्याचा नव्हता. सरकारनेंच हातीं दिलेलें शस्त्र होतें. पण घरांतील माणसांना न विचारतां घरांत आलेलें शस्त्र, हें दोन्हींकडे सारखेंच.

ह्या संबंधांत खंडेनवमीची आठवण कोणी देईल. शस्त्र देवघरांत मांडून त्याला हळदकुंकू वाहणारा समाज शस्त्राला इतका कां भितो, असें विचारील. आमचें उत्तर साधें आहे. त्या दिवशीं शस्त्र कमरेवरून उतरून पाटावर येतें. घरांतलीं मुलेंबाळें त्याच्यापुढें हात जोडून उभीं राहतात तीं तें निःशंकपणें खालीं ठेवलेलें आहे म्हणून.

तेव्हां आमच्या मतें नियम ३२ मध्यें ‘सार्वजनिक ठिकाण’ ह्या शब्दांपुढें ‘अथवा एकाहून अधिक बिऱ्हाडांच्या वापराची सामाईक जागा’ एवढे शब्द पडावयास हवे होते, आणि अर्जाच्या कागदावर घरांतील प्रौढ माणसांच्या सहीसाठीं एक रकाना हवा होता. तोंवर, वर सांगितलेल्या वाड्यांतील शेजाऱ्यांना आधार शोधावा लागेल तो शस्त्रांच्या कायद्यांत नव्हे, तर एका अगदीं निराळ्या पुस्तकांत. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या सोळाव्या कलमांत, शेजारपाजारच्या रहिवाशांना उपद्रव किंवा त्रास होईल असें वर्तन करणाऱ्या भाडेकरूकडून घरमालकास जागेचा ताबा परत मागतां येतो. शेजारी हें पात्र निदान तेथें रंगमंचावर आलेलें आहे. परंतु तें मुकें आहे. दावा लावण्याचा अधिकार घरमालकाचा. त्याला भाडें वेळेवर मिळत असेल तर तो कोर्टाची पायरी कशाला चढेल? आणि पिस्तूल घरमालकाच्याच कमरेला असलें, तर हें कलम बिऱ्हाडकरूंच्या कांहींच उपयोगाचें नाहीं.